सुरीचा वळसा

तेलाचा डाग पडला की वर्तमानपत्राचा कागद आरपार दिसू लागतो... आणि त्या पिवळसर डागातून, पाठच्या बातमीच्या अक्षरांत मिसळून, नऊ बाय नऊ घरांचं अंककोडं हळूच वर यायचं. कोहमाऱ्याच्या चौकात आईचा भज्यांचा ठेला होता. तापलेलं तेल, डिझेल आणि ट्रकांतल्या धानाचा उबट वास एकत्रच नाकात शिरत असे. भजी बांधायला रद्दी यायची. आई पानाच्या घड्या घालून सुरी फिरवी, आणि ती नेमकी माझ्या कोड्याच्या मधोमध जाई.

मग गठ्ठ्यातून त्याचे चार तुकडे हुडकायचे — गिऱ्हाइकाच्या हाती पडायच्या आत! पुष्कळदा तीनच सापडत. चौथा कुणा ट्रकवाल्याच्या भज्यांबरोबर रायपूरला गेलेला असे. मी त्याची घरं हाताने आखायची आणि तीन तुकड्यांवरच भागवायची. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येई, पण रद्दीत दुसरा दिवस कधी लागून येत नसे. बरोबर की चूक, ते मीच ठरवायची.

बाप आम्हाला सोडून गेला होता, आणि भजी खाता खाता लोक त्याची चौकशी करत. अशा वेळी मी पाठ फिरवून आकड्यांत शिरायची. तिथे प्रत्येकाला आपली जागा होती. ती सापडली की मन निवत जाई, आणि मला गंमत वाटे.

एकदा शेजारचा पानठेलेवाला आईला म्हणाला, "पोरीच्या जातीले हे आकडे कायले पायजेत? भांडे घासाले लाव तिले."

मी पेन्सिल खाली ठेवली नाही. आईने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "ते कामात आहे. भांडे मी घासीन."

दुसऱ्या दिवसापासून सुरी कोड्याला वळसा घालून चालू लागली. कागद वेडेवाकडे निघत, पुडीतून भजं घरंगळे, गिऱ्हाइकं कुरकुरत. आईने सुरी सरळ केली नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आता पेपर दारात येतो, उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलटं छापलेलं. मी ती पट्टी आधी फाडून फेकते. घरचे विचारतात, यातून मिळतं काय? शांतता मिळते, मजा येते. एवढं पुरत नसेल तर नसो!

काल जेवायला हाक आली. पुन्हा आली. 'ते कामात आहे' म्हणणारं आता कुणी नाही... म्हणून मान वर न करता मीच म्हणाले, "मी कामात आहे."