पप्पांचं शेवटचं वाक्य
पप्पांसाठी मी C या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतल्या केळींचे फोटो त्याने लहान करायचे, म्हणजे ते आत्याला पटकन पाठवता येतील. टर्मिनलच्या काळ्या चौकटीत आधी --lahan लिहायचं, मग फोटोचं नाव. पप्पा निवृत्त मास्तर. ते नेमकं उलटं लिहायचे, आधी फोटो आणि शेवटी --lahan. माझा प्रोग्राम फोटोचं नाव दिसलं की थांबायचा, पुढचं वाचायचाच नाही.

"अहो, ते आधी लिहा ना!" मी वैतागलो.

"लिहिलंय की! तुझ्या प्रोग्रामला शेवटपर्यंत ऐकायला काय होतं?"

आमच्या गावात बोलतातच तसं. पाहुणा तासभर पाऊसपाण्याचं बोलतो आणि ज्यासाठी आला ते निघताना, फाटकाला हात लावून सांगतो.

मी माझा कोड पुसला आणि getopt_long घेतलं. हे तयार फंक्शन अख्खी ओळ वाचतं, शेवटी लिहिलेलं --lahan सुद्धा ऐकतं.

आता माझ्या माणिकपूरच्या फ्लॅटवर पप्पांचा फोन येतो. पाण्याची मोटर, केळी, चर्चमधलं लग्न, सगळं बोलून होतं. "बरं, ठेवतो," ते म्हणतात. मी ठेवत नाही.

"आणि हो," पलीकडून येतं, "रविवारी येशील ना?"