बिनटोकनची गाडी

माझी धाकटी मुलगी ट्रक चालवते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, नवरा काय करतो? नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. काचेच्या नळ्या धुतो, पुसतो, जागच्या जागी लावतो. वीस वर्षांत त्याच्या हातून तीन फुटल्या आणि तिन्हींच्या तारखा त्याला पाठ आहेत. असा माणूस ट्रक चालवेल का? मग धाकटी चालवते. गाडी तिची स्वतःची आहे, कुणा मालकाची नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ती स्वतःची आहे हे लोकांना पटवता पटवता तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आणि लोक म्हणजे परके नव्हेत. परक्यांना ते एका वाक्यात पटायचं.

नव्या गाडीला काम कोण देणार? ओळखीचेच. बहिणीच्या नणंदेचं कपाट, शेजाऱ्याच्या मित्राचा भंगार फ्रिज, शाळेतल्या मैत्रिणींचं घर बदलणं. मैत्रिणींचं सामान कधी मुद्दाम न्यायचं नसतं, ते नेहमी 'जाता जाता टाकायचं' असतं. धाकटी पूर्वेला निघालेली असो की पश्चिमेला, यांचं घर वाटेतच. मी तिच्याबरोबर केबिनमध्ये असायची. घरी एकटी बसले की मी भिंतीशी भांडते असं तिचं म्हणणं, म्हणून गावातल्या गावात फेरी असली की मला घेऊन जायची. माझे पाय पायरीपर्यंत पोचत नाहीत, तर तिने एक लाकडी स्टूल ठेवलंय, त्याला दोरी बांधलीय. मी स्टुलावरून चढले की ती दोरीने स्टूल वर ओढून घेते. रस्त्यावरचे बघत राहतात. बघू देत.

या सगळ्यांत मोठं काम दिलं ते फरशीवालीने. ही धाकटीची बाकावरची मैत्रीण. लहानपणी दुपारचं जेवण तिचं आमच्याकडेच. आता तिचं फरशीचं मोठं गोदाम आहे. कारखान्यातून फरशीची खोकी आणायची आणि तिच्या गोदामात उतरवायची, हे धाकटीचं काम. आता तुम्हाला वाटेल की तिने पैसे बुडवले. मुळीच नाही. भाड्याच्या बाबतीत बाई चोख. घोळ होता तो वेगळाच.

गोदामाच्या गेटवर गेटवाल्याची खोली आहे. तिच्या दाराला खिळे, आणि खिळ्यांना पत्र्याची बारा टोकनं, एक ते बारा नंबर रंगवलेली. गाडी आली की गेटवाला टोकन देतो, नंबर पुकारला की गाडी आत, हमाल माल उतरवतात, टोकन परत खिळ्याला. न्याय म्हणजे न्याय. पण धाकटीला टोकन नाही. गेटवाला म्हणायचा, "ताई, तुम्हाला टोकन कशाला, तुम्ही मॅडमच्या खास." आणि आम्ही बाजूला उभ्या.

टोकनवाले एकेक करून आत जायचे, रिकामे होऊन बाहेर पडायचे. आम्हाला मात्र ऑफिसातून चहा यायचा. कपबशीतून, बिस्किटांसकट. बाकीचे ड्रायव्हर हेव्याने बघायचे. त्यांना टोकन, आम्हाला चहा. एकदा पाच कप झाले. पाचव्या कपाला मी म्हटलं, "अगं, ही आपला पाहुणचार करतेय की आपल्याला ओलीस ठेवतेय?"

धाकटी म्हणाली, "आई, बिस्कीट खा."

फरशीवाली मधूनच खाली यायची, खिडकीला हात टेकून म्हणायची, "अगं, तो लांबून आलाय, त्याला आधी सोडते. तू समजून घेशील." धाकटी समजून घ्यायची. समजून घेऊन घेऊन दुपार व्हायची.

अशात तिला रोपवाला भेटला. गावाबाहेर त्याची रोपवाटिका आहे. ना नातं, ना ओळख. गाडीच्या मागचा नंबर बघून त्याने फोन केला. धाकटी त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाली, "आई, तो मला ओळखतसुद्धा नाही." एवढा आनंद मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. काम असं होतं, दर गुरुवारी सकाळी झाडांची रोपं भरायची आणि जिथे खड्डे खणून ठेवलेत तिथे पोचवायची. पाच महिने सलग. अट एकच. दहा वाजता गाडी रिकामी दारात हवी. उन्हं चढली की रोपं माना टाकतात.

पहिल्याच गुरुवारी गाडीवर आदल्या दिवशीची फरशी होती. उतरवायला कितीसा वेळ लागतो म्हणून धाकटी आठला गोदामावर गेली. तीन कप चहा झाले. रोपवाटिकेत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. रोपं सावलीतून काढून ओळीने उभी केलेली, पानं लोंबलेली. रोपवाला झारीने एकेका पिशवीत पाणी घालत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "खड्डेवाली माणसं परत गेली." मग बराच वेळ पाणीच घालत राहिला. शेवटी म्हणाला, "पुढच्या गुरुवारी दहा. नाही जमलं तर मी दुसरी गाडी बघेन, मनात काही धरू नका."

 

पुढच्या बुधवारी दुपारी फरशीवालीचा फोन. कारखान्यात माल तयार आहे, आजच उचल, उद्या माझं गिऱ्हाईक यायचंय. धाकटी म्हणाली, "उचलते. पण उद्या मला नऊला मोकळी व्हायचंय. टोकन दे."

"टोकन काय मागतेस माझ्याकडे? परकी आहेस का? उद्या पहिली गाडी तुझी. शब्द देते."

गुरुवारी साडेसातला आम्ही गेटवर. आमच्यापुढे कुणी नव्हतं. मागून एकेक गाडी येत गेली, गेटवाला टोकनं वाटत गेला. आठला गेट उघडलं आणि त्याने पुकारलं, "एक नंबर." आमच्या मागची गाडी वळसा घालून आत गेली. मग दोन नंबर. धाकटीने हॉर्न वाजवला. फरशीवाली आली, केस अजून ओले, हातात किल्ल्या.

"पाचच मिनिटं गं. हे दोघं बाहेरचे आहेत, उशीर झाला की चिडतात. तू थोडीच चिडणार आहेस?"

"चिडले," धाकटी म्हणाली.

आवाज चढवला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. फरशीवाली हसली. तिला ती थट्टा वाटली. वरून चहाचा ट्रे येत होता. धाकटीने गाडी सुरू केली आणि मागे घेतली. ट्रेवाला कपबश्या सांभाळत बाजूला झाला.

"कुठे चाललीस? माल माझा आहे त्यात," फरशीवाली ओरडली.

"तुझ्याच घरी उतरवते. मला गाडी रिकामी हवी."

फरशीवालीचं घर तिथून दहा मिनिटांवर. तिची कपाटं, तिचा पलंग, तिच्या मुलाचं टेबल, सगळं 'जाता जाता' तिथे टाकून झालेलं, त्यामुळे फाटकातून गाडी कशी घालायची हे धाकटीला झोपेतही जमलं असतं. चौकात दोन हमाल उभे होते ते घेतले. तिथूनच तिने फोनही केला. "ऐक, मी खरंच तुझ्या अंगणात उतरवतेय." पलीकडून हसण्याचा आवाज मलाही आला. "उतरव, उतरव," असं म्हणून तिने फोन ठेवला.

फाटक उघडलं तिच्या सासूने. माझ्याच वयाची बाई, पायात लोकरीचे मोजे, हातात कपड्यांचे चिमटे.

"हे काय?"

"फरशी," मी स्टुलावरून उतरत म्हटलं. "तुमच्या सुनेची. गोदामात आमचा नंबर लागेना."

म्हातारीने ट्रककडे पाहिलं, मग अंगणाकडे. मीही पाहिलं. सगळ्या गावाला फरशी पुरवणाऱ्या घरचं अंगण, आणि खाली नुसती उखडलेली माती, मधे विटांचे तुकडे टाकून केलेली वाट.

"सहा वर्षं झाली," म्हातारी म्हणाली, "अंगणात फरशी घालते म्हणते. गिऱ्हाइकांचं झालं की आपलं, आई. गिऱ्हाइकांचं कधी होतं का? दोनदा घसरून पडले मी इथे. तुम्ही किती दिवस उभ्या आहात?"

"वर्ष होईल."

"म्हणजे तुमचा नंबर माझ्यामागे," म्हातारी म्हणाली. तिने दोरीवरचे ओले कपडे काढून खांद्यावर टाकले आणि हमालांना सांगितलं, "त्या भिंतीकडून लावत या. नीट. माझ्या दारासमोर नको."

गाडीचा मागचा फाळका खाली पडला. दोन हमाल आणि तिसरी धाकटी, एकशे ऐंशी खोकी. धाकटीच्या कुडत्याची पाठ भिजून काळी झाली. मी आणि म्हातारी पायरीवर बसून देखरेख करत होतो, म्हणजे त्यांना नको असलेल्या सूचना देत होतो. साडेनऊला गाडी रिकामी. धाकटीने पावती पुढे केली. माल मिळाल्याची सही कुणाची तरी हवीच.

"माल तिचा, अंगण माझं," म्हातारी म्हणाली. "कुठे करू सही?" चष्मा लावून तिने तब्येतीत सही केली. मग हळूच म्हणाली, "यातली काही खोकी मी परत सोडणार नाहीये. तुम्ही काही ऐकलं नाहीत."

मी बहिरी झाले.

दहाला पाच कमी असताना आम्ही रोपवाटिकेत. रोपवाल्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, गाडीत वाकून पाहिलं, फळ्यावरची फरशीची धूळ हाताने झटकली. "लावा मागे," एवढंच म्हणाला. पाच महिने गाडी बांधली गेली ती या दोन शब्दांवर.

संध्याकाळी फरशीवाली आमच्या घरी. चपलाही न काढता.

"माझं गिऱ्हाईक दिवसभर ताटकळलं."

"माझंही ताटकळलं होतं. गेल्या गुरुवारी," धाकटी म्हणाली. ती हातांना तेल चोळत होती, बोटं सोलवटली होती.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं. दोनदा. तू हसलीस."

ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला. लहानपणापासून एकत्र जेवलो आम्ही तुमच्या हातचं."

"जेवलात," मी म्हटलं. "आणि मी आधी कुणाला वाढायचे, आठवतंय? जिचं ताट आधी पुढे येईल तिला. ही माझी म्हणून हिला कधी मागे ठेवलं नाही, आणि तुलाही नाही."

फरशीवालीला रडू फुटेल असं मला वाटलं, पण ती तशी बाई नाही. धाकटीला म्हणाली, "पत्र्याच्या तुकड्यापायी परकी झालीस तू."

"परक्यांना तू वेळेवर सोडतेस," धाकटी म्हणाली. "मला परकीच धर."

दोन महिने फरशीचं काम बंद. मैत्रिणींच्या गोतावळ्यात बोभाटा झाला. धाकटीला गाडीचा माज चढलाय, जुनी मैत्री पायदळी तुडवली, वगैरे वगैरे. माझ्या तोंडावर एकजण म्हणाली तसं. मी विचारलं, "तुझं कपाट अजून जाता जाता टाकायचंय का?" टाकायचंच होतं. पुढच्या आठवड्यात तिने रीतसर वेळ ठरवून गाडी बोलावली.

दर गुरुवारी रोपं जात राहिली. आणि एका मंगळवारी फरशीवालीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कारखान्यात माल आहे."

धाकटीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग आवाज आला, "उद्या सकाळी सहा नंबर आहे तुझा."

"येते," धाकटी म्हणाली.

गेटवाल्याने खिळ्यावरून टोकन काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं, तेव्हा तो जरा ओशाळला होता. सहाचा रंग उडालेला, एका बाजूने पत्रा वाकलेला. आम्ही पाच गाड्यांच्या मागे उभ्या राहिलो. पुकारल्यावर आत गेलो, माल उतरला, बाहेर आलो. गेटवाल्याने सांगितलं की मॅडमच्या सासूने अंगणात फरशी घालून घेतली, खोकी परत द्यायला नकारच दिला.

फरशीवाली वरच्या खिडकीत उभी होती. तिने हात केला नाही, धाकटीनेही नाही. चहा आला नाही. अजूनही येत नाही. बुधवारी सकाळी थर्मास मी घरूनच भरते.