हात थरथरेल म्हणून

डॉक्टरबाईंनी सिगारेट सोडायचा दिवस ठरवायचं काम त्याच्यावरच सोपवलं आणि तिथेच तो फसला. त्यांनी "उद्यापासून बंद" असं दरडावलं असतं तर त्याने मान डोलावली असती, चार दिवस टाळाटाळ केली असती आणि विषय आपोआप थंड पडला असता. पण बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर त्याच्याकडे फिरवलं आणि म्हणाल्या, तुमच्या सोयीचा दिवस तुम्हीच सांगा. बराच वेळ पानं उलटून त्याने तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारावर बोट ठेवलं. मंगळवारी दुकान बंद असायचं.

दुकान काचेचं. थोरल्या भावाने काढलेलं. भाऊ गेल्यापासून तो आणि वहिनी मिळून चालवत होते. वहिनी मापं लिहून घ्यायच्या आणि कापलेल्या काचांच्या कडा घासायच्या. कापायचं काम त्याचं. खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, माणूसभर उंचीचे आरसे. हातात लांब पट्टी घेऊन तो काचेपुढे असा उभा राहायचा की गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणू लागली.

मास्तरांचा एक क्रम ठरलेला होता. मोठी काच टेबलावर आली की आधी मागच्या दारात जाऊन एक सिगारेट. मग हात पुसायचे, पट्टी धरायची, श्वास रोखायचा आणि कटरची एकच रेघ. काचेवर रेघ एकदाच मारता येते. दुसऱ्यांदा गिरवायला गेलात की काच हवी तिथे तुटत नाही, नको तिथे तुटते. तीस वर्षं हे असंच चाललेलं. त्यामुळे त्याच्या मनाने घेतलं होतं की आपला हात स्थिर राहतो तो सिगारेटमुळे. ती गेली की हात थरथरणार, आणि हात थरथरला की संपलंच.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. दिवस मात्र मोजत राहिला. अठरा राहिले, पंधरा राहिले. दिवसाला बारा सिगारेटी ओढणारा माणूस वीसवर गेला. पुढे मिळणार नाही म्हणून आत्ताच साठा करून ठेवावा, तशी तो सिगारेट ओढायचा. जेवताना घास फिरायला लागला. रात्री झोप लागेना. एका आठवड्यात त्याच्या हातून दोन काचा गेल्या. वहिनींनी तुकडे गोळा केले आणि तीच मापं पुन्हा लिहून ठेवली. ते त्याला जास्त लागलं.

बायकोला वाटलं, हा आता माघार घेणार. एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने सरळ विचारलं, नसेल सोडायची तर तसं सांगा, उगीच झुरू नका. त्यावर त्याने कप जवळ ओढला. मग हाताची गोष्ट बाजूला ठेवून भलतीच गोष्ट सांगू लागला.

तो नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी सिगारेट सोडली होती. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून त्यांनी भरलं ताट भिंतीवर भिरकावलं. पाचव्या दिवशी थोरल्याला दाराबाहेर काढलं. घरातली माणसं भिंतीला धरून चालायची. सातव्या दिवशी आई स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, पाकीट आणलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं. वडिलांनी पहिला झुरका घेतला आणि सगळ्या घराच्या जिवात जीव आला.

"मी त्यांचाच मुलगा आहे," तो म्हणाला. "माझं तसं झालं तर?"

बायको म्हणाली, "ताट फेकलंत तर मी उचलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. भिंतही तुम्हीच पुसायची." मग तिने विचारलं, "मामंजींनी सोडली हे तेव्हा घरात कुणाला माहीत होतं?"

नव्हतं. वडिलांनी कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता. त्यांचं एवढं का बिनसलंय हे आईलाही पाकीट आणायच्या दिवशीच उमगलं.

"मग तुम्ही सांगून सोडा," बायको म्हणाली. "चिडलात तर निदान कशामुळे ते आम्हाला कळेल. सासूबाईंसारखी मी मात्र पाकीट आणून देणार नाही."

एवढंसं बोलणं, पण त्या सकाळी त्याला दोन पोळ्या जास्त गेल्या. छातीवरचा धोंडा पुरता उतरला नव्हता, नुसता सरकला होता. दुकानात जाऊन त्याने वहिनींना तारीख सांगितली. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हणून हाताचंही सांगून टाकलं. दोन काचा का गेल्या तेही.

वहिनी एका आरशाची कड घासत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"भाऊजी, तुमचा हात तर रोजच थरथरतो."

त्याला आधी समजेचना. वहिनींनी शांतपणे सांगितलं. सिगारेट ओढून आलात तरी थरथरतो, न ओढता आलात तरी थरथरतो. पट्टी धरता तेव्हा बोटं हलत असतात. कटर काचेला टेकला की थांबतात. मी वीस वर्षं इथून बघते आहे. तुमच्या भावाचंही तसंच होतं, आणि त्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं," वहिनी म्हणाल्या. "हात तुमचाच आहे."

त्याच दिवशी एका नृत्यशाळेचा आरसा कापायचा होता, सात फूट उंच. मास्तर सवयीने मागच्या दारापर्यंत गेले. पाकीट खिशातून निघालं, हातात राहिलं. मग ते तसंच वहिनींसमोर ठेवून मास्तर परत टेबलाशी आले. पट्टी धरली. बोटं थरथरत होती, चांगली दिसण्याइतकी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताकडे नीट पाहिलं. श्वास रोखला, कटर टेकवला आणि ओढला. रेघ सुताने मारल्यासारखी सरळ गेली. टेबलाच्या कडेवर आणून हलकेच दाब दिला आणि काच दोन भागांत अलगद सुटली.

वहिनींनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा घासायला लागल्या. तो मात्र तिथेच स्टुलावर बसला. परीक्षेचा पेपर सोपा निघाल्यावर मुलाला होतं तसं काहीसं त्याला झालं. पुढच्या तासाभरात त्याने ते पाकीट मागून घेतलं आणि एक ओढलीही. अजून मंगळवार यायचा होता. पण त्या दिवसापासून वीसच्या पुन्हा बारा झाल्या आणि रात्रीची झोप परत आली.

मंगळवार आला. तो काही वाघ होऊन आला नाही. सकाळ जड गेली, दुपारी तो झोपला, संध्याकाळी बायकोबरोबर विनाकारण लांब चालून आला. तिसऱ्या दिवशी घरात सगळे त्याच्या ताटाकडे बघत होते, ते पाहून त्यालाच हसू फुटलं. पाचव्या दिवशी मात्र एका गिऱ्हाइकावर तो उगीच खेकसला. मग त्याच्या मागे रस्त्यापर्यंत जाऊन सांगितलं की सिगारेट सोडली आहे, राग मनावर घेऊ नका. ते गृहस्थ म्हणाले, मी दोनदा सोडून दोनदा धरली, तुम्हाला जमतंय तर करा. दोघं फुटपाथवर दहा मिनिटं बोलत उभे राहिले.

सुंठेवाचून खोकला गेला असं झालं नाही. खोकला महिनाभर राहिला, आधी वाढला, मग कमी झाला. दोन महिन्यांनी तो डॉक्टरबाईंकडे गेला. सगळ्यात अवघड काय गेलं, त्यांनी विचारलं.

"आधीचे तीन आठवडे," तो म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग दम कितपत पुरतो ते बघायला त्यांनी त्याला जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो गेला आणि आला. दम लागला होता, पण बोलता येत होतं, आणि जिन्यात भेटलेल्या एकाशी तो बोलतच खाली उतरला.