किसनआजोबांचा माग काढताना

एखादा माणूस शोधायला निघालं की माणसाच्या आधी किस्सेच सापडायला लागतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच! मी आणि माझा चुलतभाऊ विलास, दोघं वर्षभर आमच्या किसनआजोबांना शोधून राह्यलो होतो. किसनआजोबा म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना मी पाहिलेलं न्हाई, विलासनं पाहिलेलं न्हाई, घरात त्यांचा एक फोटो न्हाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, विलास एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. वेळच वेळ! आता कुठं लग्नात, बारशात गेलं की लोक म्हणतात, "बाई, तो म्हशीचा सांगा ना." पण तो मधला आहे. सुरुवात तलाठ्यापासून.

*

वडील गेल्यावर वारसाची नोंद करायची होती. परतूर तालुक्यातलं आमचं गाव. तलाठी नवा, फार शांत माणूस. सातबाऱ्यावर बोट ठेवून म्हणाला,

"हे किसन राणोजी कोण?"

"आमच्या आजोबांचे भाऊ."

"मृत्यूचा दाखला?"

"न्हाई."

"मंग हयात आहेत?"

विलासनं मनातल्या मनात हिशोब केला. "असले तर एकशे आठ वर्षांचे असतील."

"काही हरकत न्हाई," तलाठी म्हणाला, "आधार कार्डासहित घेऊन या. अंगठा लागंल."

*

घरात एवढंच माहीत होतं की किसनआजोबा तरुणपणी काशीला गेले ते परत आले न्हाईत. काशीला कसे गेले, कोणाबरोबर गेले, कुणी विचारलं न्हाई. खरं माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं, माझी मथुराआत्या. वय अठ्ठ्याऐंशी. कानानं कमी ऐकते, त्यामुळं बोलते ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आत्या माझ्याकडं आली तो दिवस नेमका माझ्या मुलाच्या सोयरिकीचा. मुलीचे आईवडील समोर बसलेले, हातात पोह्याच्या बश्या. मी आत्याच्या कानाशी जाऊन हळूच म्हणलं, "आत्या, ते किसनआजोबांचं जरा नंतर विचारायचंय." आत्याला फक्त 'किसनआजोबा' ऐकू आलं!

"काशीबिशी काही न्हाई!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "त्याला वेड्याच्या दवाखान्यात टाकलं होतं!"

पोह्याचे चमचे थांबले. माझ्या मुलानं डोळे मिटले. मला वाटलं, गेली सोयरीक.

मुलीचे वडील बशी खाली ठेवून पुढं सरकले. "जालन्याकडच्या?"

"हो," मी कशीबशी म्हणाले.

"आमच्या आजीबी तिथंच होत्या की! आम्ही बद्रीनाथला गेल्या म्हणून सांगतो."

साखरपुडा पंधरा दिवसांत झाला.

*

किसनआजोबांना झालं काय होतं, हे मंग आत्यानं निवांत सांगितलं. ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. बायको बाळंतपणात गेली, पोर तिसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर किसनआजोबांनी माणसांशी बोलणं सोडलं. सहा महिने घरात एक अक्षर न्हाई. बोलायचे ते फक्त गोठ्यात, बैलांशी. सकाळ-संध्याकाळ तासन् तास. गावानं ठरवलं, येडा झाला. मोठ्या भावानं बैलगाडीत घालून दवाखान्यात सोडलं.

"आत्या, तुला काय वाटायचं? खरंच येडे होते?" मी विचारलं.

आत्यानं विचार केला. "मी सात वर्षांची. मला काय कळतंय? पण बैलं ऐकायचे त्याचं." मंग विलासकडं बघून म्हणाली, "तू बायकोशी चाळीस वर्षं बोलून राह्यला. ती ऐकती का?"

*

तो दवाखाना बंद होऊन सत्तर वर्षं झाली. जागा बघावी म्हणून आम्ही जालन्यात उतरून रिक्षा केली. विलास रिक्षावाल्याला म्हणाला, "वेड्याचा दवाखाना." रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि बराबर एका मानसोपचार डॉक्टरच्या दारात नेऊन सोडलं! पाटी आम्ही वाचलीच न्हाई. आत गेलो तर काउंटरवर एक मुलगी.

"पेशंटचं नाव?"

विलासला वाटलं, जुनं रेकॉर्ड इथंच मिळत असंल. "किसन राणोजी."

"वय?"

"एकशे आठ."

मुलीनं पेन थांबवलं. "त्रास कधीपासून?"

"निजामाच्या काळापासून."

"आणलंय का पेशंटला?"

"न्हाई, त्यांनाच तर शोधून राह्यलो. तुमच्याकडंच असतील!"

मुलीनं एकदा विलासकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. उठली, आत गेली, परत आली आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "तुमचा नंबर पहिला घेतलाय. दोघंही आत चला."

डॉक्टर मात्र भला माणूस. सगळं ऐकून हसला आणि जुने कागद कोणत्या सरकारी रेकॉर्ड रूममध्ये असतील ते त्यानंच सांगितलं. निघताना विलासला म्हणाला, "झोप येते ना व्यवस्थित?"

*

रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे होते, पण सगळे उर्दूत. आम्हा दोघांना उर्दूतला अलिफ कळत न्हाई. विलासनं मोबाइलवर साठेक पानांचे फोटो काढले. वीसेक पानांवर त्याचा स्वतःचा अंगठाच आला, ती सोडली. उरलेली घेऊन आम्ही जालन्यातच मस्तगड मोहल्ल्यात करीमचाचांकडं गेलो. करीमचाचा उर्दू शाळेतले जुने मास्तर, माझ्या ओळखीचे. त्यांनी फोटो मोठा करून भिंगानं बघायला सुरुवात केली. लिहिणाऱ्यानं नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कुठं दिलेले, कुठं सोडलेले.

"हाँ, मिल गया!" चाचा म्हणाले. "किशन... आगे कुछ है... नीचे परतूर भी."

विलास ताठ बसला. मी वही काढली.

"रंग काला."

"बराबर," विलास म्हणाला, "आमच्या घराण्यातच आहे."

"मिजाज गरम."

"बिलकुल बराबर! आमच्या आजोबांचंबी तसंच होतं."

"खाना ज्यादा खाती... खाता है. दो दफे लात मारी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय हाल झाले असतील बिचाऱ्यांचे! मी म्हणलं, "चाचा, पुढं वाचा."

चाचांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाले, "रोज सुबह चार सेर दूध."

चाचांनी चष्मा काढला.

"बेटा, ये आदमी नहीं है. भैंस है."

दवाखान्याच्या गोठ्याचं रजिस्टर होतं ते! म्हशीचं नाव किशनी. पण मंग चाचांनी खालची ओळ वाचली. 'देखभाल करनेवाला : किशन वल्द राणोजी, साकिन परतूर, मरीज.' माणसांशी न बोलणाऱ्या पेशंटला तिथल्या कुणीतरी नेमका गोठा दिला होता. आणि त्यानं म्हशीला स्वतःचं नाव!

*

त्या काळातलं कुणी जिवंत असंल का, असं विचारत विचारत दगडूमामा सापडले. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील त्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. दगडूमामांनी किसनआजोबांच्या हातचं दूध प्यायलं होतं.

"येडा कशाचा!" दगडूमामा म्हणाले. "वर्षा-दोन वर्षात चांगला बोलाया लागला होता. माणसांशीबी. डॉक्टरनं घरी तीनदा कागद धाडले, बरा झाला, घिऊन जा. कोणी आलं न्हाई."

विलासनं मान खाली घातली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, बऱ्या माणसाला तिथं ठेवता येत न्हाई, अन् जायाला जागा न्हाई. दरसाली तपासणी व्हायची. माझा बाप तिथं चहा घेऊन उभा राहायचा, त्यानं डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. डॉक्टर विचारायचा, 'किसन, आज वार कोणता?' किसन म्हणायचा, 'मंगळवार.' डॉक्टर म्हणायचा, 'घाई करू नको. नीट विचार कर.' किसन बाहेर गोठ्याकडं बघायचा. मंग म्हणायचा, 'शुक्रवार.' डॉक्टर म्हणायचा, 'शाबास! अजून बरा न्हाई.'"

हे आत्याला सांगताना विलास कागदांपाशी येऊन अडखळला. आत्या म्हणाली, "सांग की. घरी कागद आला की आमची माय दोन दोन दिवस जेवायची न्हाई. आबा, तुमचे आजोबा, कागद वाचून घडी करून ठिवायचे. एवढं मला ठावं हाय."

त्या दिवशी आत्या पहिल्यांदाच हळू बोलली.

*

दाखला काही मिळाला न्हाई. वकील म्हणाले, इतकी वर्षं ज्याचा पत्ता न्हाई त्याला कोर्ट मयत धरू शकतं. दावा घातला. साक्षीला आत्या. जज्जसाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "आजी, त्यांना शेवटचं कधी पाहिलं?"

"गाडीत बसवून नेलं तवा. मी मागं पळत गेल्ते, पार ओढ्यापर्यंत. त्यानं मला हात केला, घरी जा म्हणून."

जज्जसाहेब म्हणाले, "मग ते आता हयात नाहीत, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

"मी कशाला सांगू?" आत्या कडाडली. "माझा चुलता हाय तो! तुम्हाला घाई असंल तर तुम्ही सांगा!"

वकिलानं कपाळाला हात लावला. पण जज्जसाहेबांनी खरंच स्वतःच सांगितलं. निकाल लागला, सातबाऱ्यावर आमची नावं लागली. नव्या उताऱ्यावर आत्याला स्वतःचं नाव दाखवलं, तर तिनं पुन्हा पुन्हा किसनकाकाचं कुठं गेलं तेच विचारलं.

*

सगळ्यात भारी किस्सा ह्याच्या नंतरचा. काम झालं होतं, कागद बांधून ठेवले होते. एक दिवस दुपारी करीमचाचांचा फोन. "बेटी, एक फोटो पढ़ने का रह गया था. विलास को लेके आ जल्दी."

त्या फोटोतला कागद जालन्याचा दवाखाना हलवला त्या दिवसाचा. सगळे पेशंट रेल्वेनं हैदराबादला पाठवले, त्यांची यादी. चाचा एकेक नाव वाचत खाली आले. मधेच थांबले. "ये देखो. किशन वल्द राणोजी, साकिन परतूर."

"म्हणजे हैदराबादला गेले!" विलास म्हणाला.

"रुक जा. नीचे पढ़ने दे." चाचांनी भिंग खाली सरकवलं. "लिखा है, जालना स्टेशन पर सब मरीज़ गिन के गाड़ी में बिठा दिये. किसी की कमी नहीं. बाहर से दरवाज़ा बंद कर दिया. गिननेवाले की दस्तखत."

सगळा कागद उर्दूत, ती सही मात्र आपल्या बाळबोध अक्षरात. मोठी मोठी, दुसरी-तिसरीतल्या पोरानं गिरवावी तशी. ती मला वाचायला चाचा लागले न्हाईत.

'किसन राणोजी.'

विलासनं मोबाइल हातात घेऊन ती सही मोठी करून पाहिली. मंग म्हणाला, "चाचा, मंग ते गाडीत गेले, का फलाटावर राह्यले?"

करीमचाचांनी भिंग पुसलं, पुन्हा एकदा वर यादी पाहिली, पुन्हा खाली सही पाहिली.

"कागज़ पर तो," ते म्हणाले, "दोनों."