केप नसलेली नायिका

सुपरहिरोंवर माझा पहिल्यापासून राग. बँकेनं मला जपानमधल्या उरायासुला पाठवलं तेव्हा दहा वर्षांच्या लेकीनं अमेरिकन कॉमिक्सचा ढीग सोबत आणला होता. जेवताना मी तिला लेक्चर झोडायचो, "अगं, याला निवडून दिलं कुणी? एकटाच ठरवतो, एकटाच ठोकतो, आणि गावानं नुसत्या टाळ्या वाजवायच्या! शुद्ध हुकूमशाही आहे ही." ती बिचारी मान डोलवायची.

मग भूकंप झाला. नळ कोरडे पडले, रस्ताभर जमिनीतून वर आलेला चिखल. तिसऱ्या दिवशी मी पुण्याची तिकिटं काढली. बायकोला नुसतं कळवलं, लेकीला तेवढंही नाही. मैत्रिणीला भेटून येऊ दे म्हणून लेक रडली, तर तिच्यावर खेकसलो. त्या गडबडीत कचऱ्याच्या पाळीची पाटी आमच्याच दाराला लटकत राहिली. पाटी ज्याच्या दारी, त्यानं आठवडाभर इमारतीची कचऱ्याची जागा झाडायची आणि मग पाटी पुढच्या दारी लावायची, असा तिथला रिवाज.

दीड महिन्यानं परतलो. लेक माझ्याशी मराठीत बोलेना. काही विचारलं की जपानीत एखादा शब्द, बस्स. एकदा तिच्या टेबलावर तिनं स्वतः काढलेलं कॉमिक दिसलं. सगळीकडे चिखल आणि मधोमध शेजारच्या आजी, हातात झाडू. ना केप, ना मुखवटा. शेवटच्या चौकटीत त्या आमच्या बंद दारावरची पाटी काढून घेत होत्या. इमारतीतल्याच त्या मैत्रिणीनं तिला सगळं सांगितलं होतं. आमची पाळी आजींनी केली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कुणालाही न विचारता सगळ्यांचं ठरवणारा मीच निघालो, आणि तोही पळपुटा.

दुसऱ्या दिवशी बाकरवडीचा पुडा घेतला, लेकीला दुभाषी म्हणून बरोबर नेलं आणि आजींच्या दारात कमरेत वाकलो. मला धड जपानी सुचेना. लेकीला म्हटलं, "सांग त्यांना, आम्ही सगळे फार घाबरलो होतो, म्हणून गेलो."

लेक आजींकडे बघत सावकाश जपानीत बोलली. तेवढं जपानी मला कळत होतं. ती म्हणाली, "बाबा घाबरले होते. मला इथंच राहायचं होतं."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलेलाच होतो. तसाच, जपानीत, "हो" म्हणालो.