वादळ तिनं आणलं होतं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लोक विचारत नव्हते असं नाही. विचारत, आणि मी दर वेळी तीच खोटी गोष्ट सांगत असे. ती ऐकून लोक खूश व्हायचे, त्यामुळे खरी सांगायची वेळच आली नाही. आता सांगतो.

रावेर तालुक्यात आमची केळीची बाग होती. एका हिवाळ्यात बागेतल्या पाण्याच्या चारीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मुलानं मला आणि पत्नीला जळगावला आपल्या घरी आणलं. बाग पुतण्यांकडे गेली. आयुष्यभर मी उठल्यावर आधी आभाळाकडे पाहत आलो होतो. आता डोळ्यांसमोर पंखा होता. दिवसभर तो बघायचा आणि घरातल्यांवर खेकसायचं, एवढंच काम उरलं.

माझी सून धुळ्याची. आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, समोर बसत नाही, पदर डोक्यावरून ढळू देत नाही. यात राग काही नसतो, रीत असते. बोलायचं ते मधल्या माणसाकरवी. ते काम नातीकडे होतं; ती तेव्हा आठवीत होती. “आबांना विचार, भाकरी की पोळी?” असं सून दारातून म्हणायची. मला ऐकू आलेलं असायचं, तरी नात ते पुन्हा विचारायची आणि माझं उत्तर पुन्हा आत सांगायची.

दुपारी भांडी आवरली की सून मोबाईलवर मॉन्स्टरांच्या लढाईचा एक खेळ खेळायची. तेवढा वेळ तिचा. पण घरात बोलणी व्हायची ती तेवढ्या वेळावरूनच. माझी पत्नी पारोळ्याकडची. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “बठ्ठा दिन मोबाईलच शे तिना हातमा.” म्हणजे दिवसभर हिच्या हातात मोबाईलच. मुलगाही तिचीच री ओढायचा. सून मोबाईल पालथा ठेवून कणीक मळायला घ्यायची.

एक दिवस नात मोबाईल घेऊन माझ्या खाटेशी आली. “आबा, आई म्हणते, पंख्याकडे बघण्यापेक्षा हे बघा.”

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसलो असेन.

खेळ असा. दोन्ही बाजूंचे मॉन्स्टर समोरासमोर येतात आणि आळीपाळीनं एकमेकांवर हल्ला करतात. पण खरी गंमत मैदानाच्या हवामानात. पाऊस पडत असला तर पाण्याच्या मॉन्स्टरला जोर चढतो आणि आगीवाला थंडावतो. कडक ऊन पडलं की उलटं. वाळूचं वादळ उठलं की दगडामातीचे सोडून बाकी सगळे थोडे थोडे झिजत जातात. आणि हे हवामान आपोआप येत नाही. ते आणायचं असतं. आणलं की काही पाळ्या टिकतं, मग विरून जातं. तेवढ्यात काम साधलं तर साधलं.

मी हरखून गेलो. जन्मभर मी हवामान सोसलं होतं. मे महिन्यातली झळ लागू नये म्हणून बागेभोवती शेवरी लावली, वाऱ्यानं खोडं कलू नयेत म्हणून घडांना टेकू दिले. हवामान आपण बोलवायचं, आपल्या बाजूनं लढायला लावायचं, ही कल्पनाच मला नवी होती.

सुनेनं मला जोडीच्या लढतीत घेतलं. ती स्वयंपाकघरात तिच्या मोबाईलवर, मी खाटेवर नातीच्या. दोघं एका बाजूनं. तिचा कासवासारखा मॉन्स्टर वादळ उठवायचा, माझा दगडी मॉन्स्टर त्या वादळात हल्ला करायचा. ठरलं असं होतं. पण पडद्यावर वाळू उडायला लागली की माझ्याच्यानं बघवत नसे. पूर्वी एकदा उन्हाळी वादळानं आमची कापणीला आलेली बाग आडवी केली होती. वादळ दिसलं की मी हल्ला सोडून माझा ऊन पाडणारा मॉन्स्टर पुढे काढायचो. वादळ जायचं, आणि आम्ही हरायचो.

“आबा, आई विचारते, वादळ का घालवलं?”

“तिला सांग, वादळ कधी चांगलं नसतं.”

आत भांडं जरा जोरात आपटलं. नात परत आली. “आई म्हणते, ते आपलंच वादळ होतं.”

“आपलं वादळ असतं का कुठं?”

“आई म्हणते, मग आबांनी केळीच लावाव्या.”

“हे आई नाही, तू म्हणालीस.”

“आईच म्हणाली. वर हसली पण.”

सून माझ्यावर हसली, हे ऐकून मला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. तिच्या लग्नापासून आम्ही एका घराचे, पण ती विचार कसा करते हे मला या खेळात कळलं. कधी वाट बघायची, समोरच्यानं आणलेला पाऊस आपल्याच कामी कसा लावायचा, सगळं ती नातीच्या तोंडून शिकवत गेली. पुढची लढत उभं राहून खेळायची, अशी अटही तिनंच घातली. वॉकर धरून मी चालायला लागलो तो त्या अटीमुळे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण खाटेवरून मला तिनं उठवलं.

पुढच्या वर्षी धुळ्याला, तिच्या माहेरच्या गल्लीत, एका मंडळानं जोडीच्या लढतीची स्पर्धा ठेवली. सून, नात आणि मी एसटीनं गेलो. सून आणि सासरा स्टेजवर शेजारी शेजारी बसतील हे कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही. तिच्या जागी नात बसणार होती. वाटेत पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरून सुनेनं नातीला सगळा डाव समजावला, मला ऐकू येईल अशा आवाजात. “समोरचे ऊन आणतील. ऊन आणणारा मॉन्स्टर चपळ असतो, म्हणून त्याचं ऊन आधी पडेल. आपला कासव संथ आहे, त्याचं वादळ नंतर उठेल. नंतर आलेलं टिकतं. आबांना सांग, वादळाला हात लावायचा नाही.”

शेवटच्या लढतीत तसंच झालं. ऊन पडलं आणि लगेच आमच्या कासवानं ते पुसून वादळ उठवलं. माझा अंगठा त्या ऊनवाल्याकडे गेला होता. मी तो मागे घेतला. समोरचे आगीवाले झिजत गेले, आणि माझ्या दगडी मॉन्स्टरनं शेवटचा हल्ला केला. लोकांना दिसला तो माझा हल्ला.

माईक माझ्यापुढे आला. “आबा, या वयात हे शिकलात कुठून?”

मी म्हणालो, “केळीच्या बागेतून. शेतकऱ्याला हवामान कुणी शिकवावं लागत नाही.”

टाळ्या पडल्या. सून बायकांच्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती. बागेनं मला शिकवलं होतं ते या डावाच्या नेमकं उलट, आणि हे त्या हॉलमध्ये फक्त तिला आणि नातीला माहीत होतं.

जळगावला परतलो तर शेजारपाजारचे बघायला आले. माझा खेळ कौतुकाचा झाला. तिचा मात्र नादच राहिला. एका जेवणाच्या वेळी पत्नी तिला म्हणाली, “आबांचं बघ. ते डोकं चालवतात. तू नुसती बोटं चालवतेस.” मुलगा हसला. सून वाढत होती. डोकं तिचं होतं, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर त्या घरात तिच्या दुपारला पुन्हा कुणी नाव ठेवलं नसतं. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो.

काही दिवसांनी मी जोडीला बोलावलं तर तिचं नाव दिसेना. नात म्हणाली, “आईनं खेळ काढून टाकला.” तिनं कधी टोमणा मारला नाही, ताटात काही कमी केलं नाही. माझ्या खुब्याचा शेक आजही चुकत नाही. म्हणूनच जड जातं.

गेल्या दिवाळीत नात हॉस्टेलवरून आली. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “तुझ्या आईला सांग, आबा माफी मागतात.”

ती म्हणाली, “आबा, आजवर तुमचं बाकी सगळं मी सांगितलं. हे नाही सांगणार.”

परवा सून दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी काठी टेकत दारापर्यंत गेलो. बोलायच्या आधी खाकरलो. सासरा खाकरला की सुनेनं वाट सोडायची, अशी आमची रीत. तिनं पदर सावरला, परडी उचलली आणि बाजूनं आत गेली.

मी म्हणणार होतो, बेटा, धुळ्याला तू जिंकलीस. तिथं मी खोटं बोललो आणि इथं जेवताना गप्प बसलो. मला माफ कर.