मुमताजच्या कानातली सवत

साताऱ्याहून सांगलीची एसटी धरली, तेव्हा मी खरं तर भांडायला निघाले होते. मिरजेची मुमताज माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. दर उन्हाळ्यात दोन दिवस तिच्याकडे जायचं आणि दोन मैत्रिणींवरची तीच जुनी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची, हा आमचा नेम. यंदा फोनवर म्हणाली, "पुस्तक कशाला आणतीस? मोबाइलवर हाय की. वाचणाऱ्या बाईचा आवाज लय ग्वाड." माझा जळफळाट झाला. पुस्तक मुद्दाम घेतलं.

कराडला एक आजी शेजारी येऊन बसल्या. मांडीवरची पिशवी बघून म्हणाल्या, "आवं बाई, अंडी हायती व्हय त्यात?"

"पुस्तक आहे."

"मग एवढं कवटाळून का बसलायसा?"

मी पिशवी आणखीच घट्ट धरली. आष्ट्याजवळ गाडी पंक्चर झाली, तासभर उन्हात उभं राहावं लागलं. सांगलीत मुमताजसाठी भडंग (लसूण-तिखट लावलेले चुरमुरे) घेतलं आणि मिरज येईपर्यंत रागारागाने अर्धं मीच संपवलं.

मुमताज अंगणात सतारीचा भोपळा पॉलिशपेपरने घासत बसली होती. सासरचा धंदाच तो. "हात रिकामे नसत्यात गं, कान असत्यात," म्हणाली आणि मोबाइल मोठ्याने लावला.

बाई चांगलं वाचत होती, तेच दुखलं. एका मैत्रिणीच्या बोलण्यात रुसवा, दुसरीच्या बोलण्यात हसू. न सांगता कोण बोलतंय ते कळत होतं. मी चूक शोधत टपून बसले.

"तुझ्या वाचण्यात दोघी बी तुझ्यासारख्याच बोलायच्या," मुमताज म्हणाली. मी भडंगाची पुडी तिच्यापासून लांब सरकवली.

मग आमची ओळ आली. मैत्रीण कायमची निघून जाते आणि 'तिला जग सावरता येईना. खाली फरशी ओली झाली.' इथे दरवर्षी मी रडायचे. बाईने मात्र 'जग'ला 'जन्म'मधला ज लावला. म्हणजे पाण्याचा जग!

"चुकली!" मी टाळीच वाजवली. "जग म्हणजे दुनिया, भांडं नव्हे."

"मग फरशी कशानं वली झाली?"

"रडून."

"एवढी? आगं, पाण्याचाच जग हाय त्यो. मला पहिल्यापास्नं ठावं हाय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू रडायचीस, मग मी बी रडायची. भांडं पडल्यावर कोण रडतंय?" तिने मोबाइल बंद केला. "आता वाच. तुझ्यावानीच वाच."

वाचलं. दुनियाच सुटली हातातून, दोघींच्या.

परतताना एसटीत मी चोरून त्याच बाईला कानात लावलं. ती माझ्यापेक्षा चांगली वाचते, आणि मला अजून तिचा हेवा वाटतो. आमची ओळ आली. तिने अगदी बरोबर वाचलं. पाण्याचा जग पडला, फरशी ओली झाली, आणि मी कराड येईपर्यंत रडत बसले.